एका नुक्त्याची किंमत : सामायिक कोडचा इतिहास

दिवाळीला आठ दिवस उरले होते. पुण्यातल्या ऑफिसात दिवसभराचं काम आवरून मी बॅग भरत होतो. तेवढ्यात शेजारच्या टीममधला एकजण खुर्ची ओढून जवळ बसला. म्हणाला, "भाई, मंगळवारी तू नावांच्या फंक्शनमध्ये काही बदललंस का?"

मी हो म्हणालो. त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. समोर पगाराची यादी होती. एका बाजूला कंत्राटी कामगारांची नावं, दुसऱ्या बाजूला बँकेच्या यादीतली नावं. दोन्ही जुळली की पगार पुढे सरकायचा. बहुतेक ओळी हिरव्या होत्या, सत्तर-ऐंशी लाल. मी लाल ओळी वाचू लागलो. फ़ातेमा, ज़ाकिर, क़ुरैशी, ग़फ़ूर. मग कुऱ्हाडे, वऱ्हाडे, गोऱ्हे. पुन्हा एक फ़ातेमा.

दोन्हीकडची नावं डोळ्यांना तंतोतंत सारखी दिसत होती. तरी संगणक म्हणत होता, ही माणसं वेगळी आहेत.

चूक माझी होती. ती समजून घेताना मला पायथॉनचा, कोड वाटून घेण्याच्या पद्धतींचा आणि शेवटी आमच्या हिमायतनगरच्या रेल्वेचाही इतिहास चाळावा लागला. या लेखात तोच इतिहास मांडतो आहे. कोड लिहिणं हा ज्यांचा व्यवसाय नाही, त्यांनीही वाचावा. कारण प्रश्न कोडपुरता नाही. अनेकांच्या वापरातली एखादी गोष्ट एकाने बदलली, तर त्याचा खर्च कुणी उचलायचा, हा प्रश्न आहे.

मी काय केलं होतं?

मराठीत आपण नुक्ता सहसा लिहीत नाही. 'फातेमा' असंच लिहितो. पण हिंदी कीबोर्डवर नाव टाईप झालं किंवा उर्दूची जाण असलेल्या कारकुनाने लिहिलं, तर 'फ़ातेमा' होतं. त्यातही युनिकोडमध्ये हे अक्षर दोन प्रकारे साठवता येतं. एक, नुक्त्यासकट तयार असलेलं अक्षर. दुसरं, साधा 'फ' आणि त्यामागे वेगळा नुक्ता. पडद्यावर दोन्ही एकच दिसतात, आत मात्र आकडे वेगळे असतात.

आमच्या कंपनीत यासाठी एक सामायिक फंक्शन होतं. कुठलंही नाव त्याला द्या, ते त्याचं एक ठरलेलं रूप करून परत देई. माझ्या टीमकडे नावं शोधण्याचं काम होतं. कुणी 'फातेमा' असं शोधलं तर 'फ़ातेमा' सापडत नाही, अशी तक्रार आली. मी त्या फंक्शनमध्ये दोन ओळी वाढवल्या आणि नुक्ता काढूनच टाकला. शोध सुधारला. माझ्या सगळ्या टेस्ट हिरव्या झाल्या. मी खूश होतो.

तेच फंक्शन पगाराची टीमही वापरत होती, हे मी पाहिलं नव्हतं. बँकेच्या यादीतल्या नावांची ठरलेली रूपं त्यांनी महिन्याभरापूर्वीच जुन्या पद्धतीने काढून साठवून ठेवली होती. नव्या महिन्याची नावं मात्र माझ्या नव्या फंक्शनमधून गेली. जुन्या रूपात नुक्ता होता, नव्यात नव्हता. जुळणार कसं?

आणि कुऱ्हाडे? तिथे तर मी पुरता फसलो. युनिकोडच्या हिशेबात आपला मराठी 'ऱ' सुटा केला, की र आणि नुक्ता असे दोन भाग होतात. मी नुक्ते पुसले तेव्हा क़ुरैशींसोबत कुऱ्हाडेही पुसले गेले. 'ऱ्हा'चा 'र्हा' झाला. 'ध'चा 'मा' केल्याची आख्यायिका आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. त्या कथेत अक्षर मुद्दाम बदललेलं असतं. इथे ते निष्काळजीपणाने बदललं गेलं. पण पगार अडकलेल्या माणसाला त्या फरकाचं काय?

घरी मी अम्मीला फोनवर हे सांगितलं. तिच्या स्वतःच्या नावात 'ज़' आहे. ती हसली नाही. तिने एवढंच विचारलं, "उन लोगां को पैसे कब मिलेंगे?"

मनमाडचा फलाट

हिमायतनगर मुदखेड–आदिलाबाद रेल्वेमार्गावर आहे. जुनी माणसं गावाला अजून वाढोणा म्हणतात. आज आमच्याकडे ब्रॉडगेज आहे, पण माझ्या दादांच्या काळी इथून मीटरगेजची गाडी जायची. तरुणपणी काही वर्षं दादा मनमाडला हमाली करत होते. त्या कामाच्या गोष्टी ऐकत मी मोठा झालो.

भारतात रेल्वे आली तेव्हा लॉर्ड डलहौसीच्या काळात एकच रुंद रूळ ठरला होता, साडेपाच फुटांचा, म्हणजे १६७६ मिलिमीटरचा. देशभर एकच गेज असावं, ही त्यामागची दृष्टी. पुढे १८७० मध्ये लॉर्ड मेयोच्या सरकारने खर्च वाचवण्यासाठी १००० मिलिमीटरच्या मीटरगेजला मान्यता दिली. अरुंद रूळ, हलके पूल, लहान डबे, म्हणून कमी पैसे. निजामाच्या राज्यात वाडीहून हैदराबादला १८७४ मध्ये पोहोचलेली रेल्वे ब्रॉडगेज होती. पण गोदावरी खोऱ्यातून मनमाडला जाणारा मार्ग १९०१ पर्यंत पूर्ण झाला, तो मीटरगेजवर. मराठवाड्याला रेल्वे मिळाली ती ही.

ज्याने हा निर्णय घेतला त्याच्या जागी तो बरोबरच होता. कमी पैशात जास्त मैल रेल्वे झाली. अडचण मनमाडला यायची. तिथे मुंबईकडची ब्रॉडगेज होती. आमच्याकडच्या डब्याला त्या रुळावर चढता येत नसे. नांदेडहून मुंबईला निघालेल्या माणसाला तिथे गाडी बदलावी लागे. माल तर एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरावा लागे. प्रत्येक गाठ, प्रत्येक पोतं. रूळ अरुंद ठेवून वाचवलेला पैसा मनमाडच्या फलाटावर हमालांच्या पाठीवरून वर्षानुवर्षं फेडला जात होता. दादा म्हणायचे, "रूळ टाकणाऱ्याने मनमाड पाहिलं नव्हतं."

अखेर १९९२ मध्ये भारतीय रेल्वेने युनिगेज प्रकल्प हाती घेतला. एकेक मार्ग ब्रॉडगेज होत गेला आणि आमच्या मुदखेड–आदिलाबाद मार्गाचीही पाळी आली. नुसते रूळ सरकवून हे झालं नाही. पूल, फलाट, डबे, सिग्नल, सगळं बदलावं लागलं. पण एक गोष्ट महत्त्वाची होती. बदल रेल्वेने ठरवला आणि त्याचा खर्चही रेल्वेनेच केला. तुमचा माल तुम्ही नव्या मापात बसवून आणा, असं प्रवाशाला कुणी सांगितलं नाही.

माझ्या दोन ओळींच्या बाबतीत मी बदल ठरवला होता, आणि माल मात्र दुसऱ्यांना उतरवून घ्यावा लागला होता.

कपाटातल्या कागदी फिती

एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने वापरायचा, ही कल्पना संगणकाइतकीच जुनी आहे. केंब्रिज विद्यापीठात १९४९ मध्ये एडसॅक हा संगणक सुरू झाला. मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल या मंडळींच्या लक्षात आलं, की वर्गमूळ काढणं, आकडा छापणं अशी कामं प्रत्येकजण नव्याने लिहीत बसला तर आयुष्य त्यातच जाईल. त्यांनी अशा तुकड्यांचं एक भांडार केलं. त्यावर १९५१ मध्ये पुस्तकही निघालं. ते प्रोग्रॅमिंगवरच्या अगदी पहिल्या पुस्तकांपैकी एक.

हे तुकडे छिद्रं पाडलेल्या कागदी फितींवर असत आणि फिती कपाटात. ज्याला लागेल त्याने फीत काढायची, तिची नक्कल आपल्या फितीवर उतरवायची आणि मूळ फीत परत ठेवायची. म्हणजे वाटणीची पहिली पद्धत नकलेची होती. तिचा फायदा उघड आहे. कपाटातली फीत उद्या कुणी बदलली, तरी माझी नक्कल शाबूत. तोटाही उघड आहे. मूळ फितीत चूक सापडली, तर ती कुणाकुणाकडे गेली आहे हे शोधणार कोण?

तेव्हापासून आजवरचा सगळा इतिहास या दोन टोकांमध्ये हेलकावे खातो. नक्कल ठेवली तर शांतता, पण चुकाही कायमच्या. एकच प्रत ठेवली तर दुरुस्ती एकदाच, पण एकाची चूक सगळ्यांची.

नकलेचा तोटा किती मोठा असू शकतो हे जगाला डिसेंबर २०२१ मध्ये कळलं. जावा भाषेतल्या लॉग-फोर-जे नावाच्या लायब्ररीत गंभीर भगदाड सापडलं. दुरुस्त आवृत्ती लगेच आली. पण आपल्या कुठल्या प्रोग्रॅमच्या पोटात, कुठल्या दुसऱ्या लायब्ररीच्या आत ती जुनी प्रत दडली आहे, हे शोधण्यात मोठमोठ्या संस्थांच्या लोकांनी रात्री जागवल्या. औषध हातात होतं, रोग्यांची यादी नव्हती.

पायथॉनच्या घरात एकच खुर्ची

आता पायथॉनकडे येऊ. गिदो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये ही भाषा लोकांसमोर ठेवली. २००३ मध्ये पायपीआय हे पायथॉनच्या पॅकेजांचं सार्वजनिक कोठार उभं राहिलं. इयान बिकिंग यांनी २००७ मध्ये व्हर्च्युअल-एन्व्ह आणि २००८ मध्ये पिप ही साधनं दिली. पहिल्याने प्रत्येक प्रकल्पाला स्वतःची वेगळी खोली मिळाली. दुसऱ्याने कोठारातून सामान आणणं एका ओळीचं काम झालं.

पण पायथॉनचा एक स्वभाव आहे. चालू प्रोग्रॅममध्ये एका नावाची लायब्ररी एकदा आत आली, की त्या नावाच्या खुर्चीवर तीच बसते. दुसरी आवृत्ती शेजारी बसवायची साधी सोय नाही. समजा, मला दोन लायब्ररी हव्या आहेत, एक पगाराची आणि एक अहवालाची. पगाराच्या लायब्ररीला तारखांच्या पॅकेजची पहिली आवृत्ती लागते, अहवालाच्या लायब्ररीला दुसरी. खुर्ची एक, दावेदार दोन. या रचनेचं चित्र काढलं तर पत्त्यातल्या चौकटसारखं दिसतं, म्हणून जगभर ती त्याच नावाने ओळखली जाते. आपल्या भाषेत सांगायचं तर हे मनमाड आहे. दोन गेज एका फलाटाशी आलेले.

पिप अनेक वर्षं हा तंटा सोडवतच नव्हता. जो आधी आला त्याची मागणी मान्य करून तो पुढे जाई. दुसऱ्याची गाडी रुळावरून घसरली तर घसरली. खरा तोडगा काढणं अवघड होतं. शेकडो पॅकेजं, प्रत्येकाच्या डझनभर आवृत्त्या, प्रत्येकीच्या अटी. गणिताच्या दृष्टीने हा प्रश्न सुडोकूच्या जातीचा आहे. उत्तर तपासणं सोपं, शोधणं महाकठीण. २०१७ मध्ये गूगलच्या समर ऑफ कोड उपक्रमात प्रद्युन गेडाम या भारतीय विद्यार्थ्याने हे काम अंगावर घेतलं. तो पुढे पिपच्या सांभाळकर्त्यांपैकी एक झाला. अनेकांच्या कष्टांतून नोव्हेंबर २०२० मध्ये पिपची २०.३ ही आवृत्ती आली. अटी जुळत नसतील तर ती थांबते आणि कुणाचं कुणाशी पटत नाही ते सांगते. वाद गिळण्यापेक्षा तो मांडणं बरं, एवढं शहाणपण यायला बारा वर्षं लागली.

देवनागरीत लिहिणाऱ्यांनी आणखी एक प्रकरण लक्षात ठेवावं. डिसेंबर २००८ मध्ये पायथॉन ३ आलं. पायथॉन २ ला 'नांदेड' या शब्दाची लांबी विचारली, तर साध्या पद्धतीने लिहिलेल्या शब्दासाठी उत्तर यायचं १८. कारण ते अक्षरं मोजत नव्हतं, साठवणुकीचे बाइट मोजत होतं. पायथॉन ३ म्हणतं ६, म्हणजे न, काना, अनुस्वार, द, मात्रा, ड. आपल्या डोळ्यांना दिसतात तीनच अक्षरं, पण १८ वरून ६ वर येणं हीसुद्धा मोठी सुधारणा होती. आमच्यासारख्यांना ती पहिल्याच दिवशी हवी होती. तरी जग हललं नाही. प्रत्येकजण खालच्या लायब्ररीकडे बोट दाखवी, ती हलली की आम्ही हलू. पायथॉन २ ला २०१५ मध्ये निरोप द्यायचं ठरलं होतं, तो अखेर १ जानेवारी २०२० ला दिला गेला. एक चांगला बदल रुळायला अकरा वर्षं लागली, कारण तो ज्यांच्यावर आदळणार होता त्यांची सोय कुणी एकाने करायची नव्हती, ज्याची त्याने करायची होती.

अकरा ओळी आणि दोन हिमायतनगर

२२ मार्च २०१६. अझर कोचुलू या तुर्की प्रोग्रॅमरचा एका पॅकेजच्या नावावरून वाद झाला. एका कंपनीने ते नाव मागितलं आणि जावास्क्रिप्टचं कोठार चालवणाऱ्यांनी ते तिला दिलं. रागावून त्याने आपली सगळी पॅकेजं काढून घेतली. त्यात लेफ्ट-पॅड नावाचं एक होतं, जेमतेम अकरा ओळींचं. काम एवढंच की शब्दाच्या डाव्या बाजूला ठरावीक जागा भरून द्यायची. त्या अकरा ओळींवर दुसरं पॅकेज उभं होतं, त्यावर तिसरं, आणि जगभरचे असंख्य प्रकल्प एकाएकी बांधले जाईनात. काही तासांत ते पॅकेज परत ठेवावं लागलं. शब्द नीटनेटका करणारं एक इवलंसं फंक्शन. माझं फंक्शनही त्याच जातीचं होतं. मोठ्या यंत्रांवर सगळ्यांचं लक्ष असतं, अशा लहान खिळ्यांवर कुणाचंच नसतं.

नावांचा घोळ याहून वेगळ्या वाटेनेही होतो. हिमायतनगर नावाची एक वस्ती हैदराबाद शहरातही आहे, आमच्या गावापेक्षा कितीतरी प्रसिद्ध. पिनकोड नीट न पाहता नुसतं नाव वाचलं, तर आमचं पार्सल तिकडे जाणार हे ठरलेलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये अ‍ॅलेक्स बिरसन या सुरक्षा संशोधकाने नेमका हाच घोळ जगासमोर मांडला. कंपन्यांच्या आतल्या खासगी पॅकेजांची नावं त्याने शोधली आणि त्याच नावांची पॅकेजं सार्वजनिक कोठारात ठेवली. अनेक ठिकाणी बिल्डच्या यंत्रणेने घरचं सोडून बाहेरचं उचललं. अ‍ॅपल, मायक्रोसॉफ्ट, पेपॅल यांच्यासह पस्तीसहून जास्त कंपन्यांच्या आत त्याचा कोड चालला. त्याचा हेतू इशारा देण्याचा होता म्हणून निभावलं.

यावरचा उपाय म्हणजे पिनकोड लिहिणं. बाहेरून आणलेल्या प्रत्येक पॅकेजचं नाव, नेमकी आवृत्ती आणि त्याच्या मजकुराची ठशासारखी खूण एका फाइलमध्ये बंद करून ठेवतात. तिला लॉकफाइल म्हणतात. आज आलेलं सामान कालच्याच ठशाचं नसेल, तर बिल्ड थांबतं. पायथॉनमध्ये वर्षानुवर्षं प्रत्येक साधनाची लॉकफाइल निराळी होती. तिचा समान नमुना २०२५ मध्ये कुठे मंजूर झाला. तिथेही गेजचीच गोष्ट.

सगळं एकाच वाड्यात

बाहेरच्या सामानाचं हे झालं. घरातल्या घरात वाटून घेतलेल्या कोडचं काय? अनेक कंपन्या प्रत्येक प्रकल्पाचं वेगळं घर करतात, आणि सामायिक लायब्ररीला आवृत्तीचे आकडे देऊन एकमेकांकडे पाठवतात. काही जण सगळ्यांना एकाच वाड्यात ठेवतात. यालाच मोनोरेपो म्हणतात. या पद्धतीचं सर्वांत मोठं उदाहरण गूगलचं. रेचल पॉटविन आणि जॉश लेव्हनबर्ग यांनी २०१६ मध्ये एका लेखात त्याचे आकडे दिले. जानेवारी २०१५ मध्ये त्या एका वाड्यात सुमारे १०० कोटी फाइली आणि २०० कोटी ओळी कोड होता, आणि पंचवीस हजारांवर माणसं त्यात काम करत होती.

एवढ्या गर्दीत दोन नियम महत्त्वाचे ठरले. पहिला, एका लायब्ररीची एकच आवृत्ती. वाड्यात दोन गेज नकोत. दुसरा नियम मला अधिक मोलाचा वाटतो. सामायिक कोडमध्ये ज्याने बदल केला, त्यानेच तो वापरणाऱ्या सगळ्यांना नव्या जागी नेऊन बसवायचं. 'आम्ही बदललं, तुम्ही निस्तरा' चालणार नाही. मोनोरेपोमध्ये हे शक्य होतं, कारण लायब्ररी आणि तिचे सगळे वापरकर्ते एकाच जागी असतात. दोन्हीकडचे बदल एकाच वेळी, एकाच नोंदीत करता येतात.

पण त्यासाठी आधी कळायला हवं, की वापरणारे आहेत कोण. हे काम बिल्डचं साधन करतं. प्रत्येक भाग कुणावर टेकला आहे याचा ते नकाशा ठेवतं. नकाशा उलटा वाचला, की माझ्यावर कोण टेकलं आहे ते दिसतं. मी फंक्शन बदललं, की त्या उलट्या यादीतल्या सगळ्यांच्या टेस्ट चालतात. एवढ्या मोठ्या वाड्यात प्रत्येक वेळी सगळ्याच टेस्ट चालवल्या तर दिवस पुरणार नाही. नकाशामुळे लागतील तेवढ्याच चालतात, आणि लागतील त्यातली एकही सुटत नाही. गूगलने आपल्या आतल्या साधनावर आधारलेलं बेझल २०१५ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. पँट्स या दुसऱ्या साधनाची नवी मांडणी २०२० मध्ये आली. ते पायथॉनच्या फाइलींमधल्या इम्पोर्टच्या ओळी स्वतः वाचून हा नकाशा तयार करतं.

आमच्याकडे वाडा होता, नकाशा मात्र हाताने लिहिलेला. प्रत्येक टीमने आपण कुणावर अवलंबून आहोत ते एका फाइलमध्ये लिहायचं, अशी रीत होती. पगाराच्या टीमच्या फाइलमध्ये माझ्या लायब्ररीचं नावच नव्हतं. लिहायचं राहून गेलं होतं, आणि कुणाला जाणवलंही नव्हतं. कारण सगळा कोड एकाच छपराखाली असल्यामुळे पायथॉनला ते फंक्शन न सांगताही सापडत होतं. न लिहिलेलं नातंही नातंच असतं, फक्त ते निभावण्याच्या वेळी कुणाला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी जुन्या नोंदीवर जाऊन पगाराच्या टीमच्या टेस्ट माझ्या बदलासह चालवून पाहिल्या. तिसरीच टेस्ट लाल झाली. तिच्यात नमुन्याचं नाव होतं कुऱ्हाडे. ती टेस्ट मंगळवारी चालली असती तर माझा बदल दारातच अडला असता.

त्यानंतर

त्याच रात्री मी माझ्या दोन ओळी मागे घेतल्या. यादी पुन्हा चालवली, लाल ओळी हिरव्या झाल्या. पगार तीन दिवस उशिरा, पण दिवाळीच्या आधी जमा झाले. तीन दिवस हा आकडा ऑफिसात बसून लहान वाटतो. सणाच्या आठवड्यात रोजाने किराणा भरणाऱ्या घरात तो लहान नसतो. माझ्या आजोबांच्या घरातही नव्हता.

पुढच्या बैठकीत एकाने सुचवलं, हे सामायिक प्रकरणच नको, प्रत्येक टीमने या फंक्शनची आपापली नक्कल ठेवावी. त्या क्षणी सगळ्यांना ते पटत होतं. मलाही मोह झाला, कारण माझी जबाबदारी तेवढ्यापुरती संपली असती. पण नकला म्हणजे कपाटातल्या फिती. उद्या एका टीमचा 'ऱ' दुसऱ्या टीमला कळणार नाही, आणि एकच माणूस आमच्याच दोन यादींत दोन वेगळी माणसं होईल. ज्यांच्या नावात नुक्ता आहे, ज्यांच्या आडनावात 'ऱ' आहे, त्यांनाच ते प्रत्येक वेळी सोसावं लागेल. 'पाटील' कुठल्याही नकलेत पाटीलच राहणार.

म्हणून आम्ही एकच प्रत ठेवली, आणि तिच्याभोवतीची शिस्त बदलली. नुक्ता गाळणारं फंक्शन वेगळ्या नावाने लिहिलं. ते फक्त शोधासाठी आहे आणि त्याच्या नावातच ते लिहिलेलं आहे. जुन्या फंक्शनचं वागणं तसंच ठेवलं. हाताने लिहिलेला नकाशा काढून इम्पोर्टच्या ओळी वाचणारं साधन बसवलं. त्याने पहिल्याच दिवशी आमच्या नावांच्या लायब्ररीवर टेकलेले नऊ भाग दाखवले. आमच्या कागदावर चार होते.

दिवाळीच्या सुट्टीत मी हिमायतनगरला आलो. संध्याकाळी स्टेशनवर चक्कर मारली. मीटरगेजची आता नावनिशाणी नाही. फलाटावर दोन पोरं मोबाइल बघत बसली होती. मनमाडला माल उतरवावा लागायचा, असं त्यांना सांगितलं तर त्यांनी विचारलं, "का?" दादा असते तर त्यांना बरं वाटलं असतं.

परत गेल्यावर त्या फंक्शनच्या फाइलमध्ये मी नावांची एक टेस्ट घातली. पहिलं नाव कुऱ्हाडे, दुसरं फ़ातेमा. तिसरं अम्मीचं. रोज, प्रत्येक बदलाच्या वेळी, ती तिन्ही नावं आधी तपासली जातात.